मदत हवी आहे: वारली चित्रांचा पांढरा रंग टिकत नाही

दुसरी-तिसरीच्या मुलांकडून वारली चित्रं काढून घेतेय. जुने पुठ्ठे गेरूने रंगवून झाले (पोरांचे हात, गणवेशसुद्धा!). पण तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग वाळला की पापुद्रे सुटतात. डिंक घालतात हे माहीत आहे, पण वाटीभर पिठाला किती? फेव्हिकॉल चालेल का?

दुसरं, बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेला कुंचला या वयाला जमत नाही, रेघ फरफटते. खराट्याची काडी, इअरबड, कुणी काय वापरलंय? दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस झकास होतो, तारप्याभोवतीचा (तारपा म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य) नाचाचा फेर मात्र पुठ्ठ्याबाहेर पळतो. आधी खडूने गोल आखून द्यावा का?

पोस्टर कलर सुचवू नका, खर्च माझ्याच खिशातून आहे. डहाणू-जव्हारकडच्या शिक्षकांनी सांगितलं तर फारच बरं.