लेथवर वेळ कळायचा नाही, सुपरवायझर झाल्यावर तसं होतच नाही

उद्यमनगरकर:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात बरीच वर्षं लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर होतो, आता त्याच कारखान्यात सुपरवायझर आहे. बिडाच्या जॉबचा फायनल कट चालू असला की शेजारचा हाक मारायचा तेही ऐकू यायचं नाही, पण टूलचा आवाज जरा बदलला की हात आपोआप फीडवर जायचा. भोकाचं माप घेणारा बोअर गेज आत घालायचा, काटा मापात बसला की लगेच दुसरा जॉब चकमध्ये. जेवणाची सुट्टी झाली तरी उठावंसं वाटायचं नाही. आता पगार वाढलाय, पण दिवसभर फोन, डिस्पॅच, कोण रजेवर. संध्याकाळी अंग गळून जातं आणि आज काय केलं ते बायकोला सांगता येत नाही. या कामात तशी तंद्री लागतच नाही का?

मानसशास्त्रवाली:
लागते, दादा. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी याच अनुभवाचा आयुष्यभर अभ्यास केला. १९८९ च्या त्यांच्या अभ्यासात शिकागोतल्या ७८ नोकरदारांना आठवडाभर पेजर दिले होते. तो वाजला की हातात काय आहे, किती अवघड आहे, किती जमतंय ते लिहायचं. काम अवघड आणि ते पेलण्याइतकं कसबही, असे क्षण फावल्या वेळेपेक्षा कामावरच कितीतरी जास्त निघाले. मॅनेजर लोकांत तर कामगारांपेक्षाही जास्त! माझ्या मते तुमची अडचण हुद्द्याची नाही. गेजचा काटा लगेच उत्तर द्यायचा, डिस्पॅचचं उत्तर महिनाअखेरीला मिळतं.

आयसीयू_सिस्टर:
अगदी खरं. औषधाच्या पंपाचा रेट बदलला की थोड्याच वेळात मॉनिटरवर बीपी हलताना दिसतं, तिथे मन कुठे जातच नाही. इन्चार्ज झाले आणि माझंही तुमच्यासारखंच झालं. आता ड्युटी लावायला बसले की फोन दुसऱ्या सिस्टरकडे देते. व्हेंटिलेटरच्या पेशंटला कोण, नवीन मुलीच्या जोडीला कोण, हे जुळवताना चहा गार होतो. फोन हातात असला की मात्र काही जुळत नाही.

उद्यमनगरकर:
ताई, मशीन लोडिंगचं, म्हणजे कुठलं काम कुठल्या मशीनवर ते लावायचं, मी पण असंच करून बघतो. मॅडम, एक विचारू? नवीन पोराला टूल घासायला शिकवताना मला अजून वेळ कळत नाही. ते यात धरायचं का?

मानसशास्त्रवाली:
धरायचंच! त्याने कोन बरोबर घासला की नाही, ते पहिल्याच कटला दिसतं. रोज थोडा वेळ त्यासाठी राखून ठेवा, मालकांना सांगूनच ठेवा.