तिकीट प्रदर्शनासाठी मुंबईले जायचं हाय, रायचं कुठं?

प्रश्न: भाऊ, टपाल तिकिटांच्या प्रदर्शनाले पहिल्यांदाच मुंबईले चाललो, बाबांचा १९४८ चा गांधीजींचा संच संगं हाय, त्याचीच काळजी लागली. गाडी कोणती, उतरू कुठं?

उत्तर: बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस धरा, रात्री बसा, सकाळी सीएसएमटी. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडते, त्याच दिवशी काढून टाका. लॉज दादरकडं पाहा, दक्षिण मुंबईत लई महाग पडते.

उत्तर: अल्बम सीटखालच्या बॅगेत ठेवू नका बाप्पा, उशाशीच ठेवा. मुंबईत हवा दमट, मागचा डिंक चिकटते, माझी दोन तिकिटं तशीच गेली, अजून जीव हळहळते. ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी टाका अन चिमट्यानंच धरा.

उत्तर: स्टेशनाजवळचं जीपीओ, म्हंजे मुख्य टपाल कार्यालय, नक्की पाहा, १९१३ ची इमारत हाय.