'सर्ज' आणि 'सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस' यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या मीटर पॅनेलमध्ये एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे व्होल्टेजच्या क्षणिक उसळीपासून उपकरणे वाचवणारे साधन) बसवायचे आहेत आणि सभासदांच्या मंजुरीसाठी कामाचा तपशील मराठीत लिहायचा आहे. एका मसुद्यात 'अतिदाबरोधक' असा शब्द आहे, तर दुसऱ्यात 'तडितरक्षक'. यांपैकी योग्य कोणता? शिवाय 'लघुदाब जोडणी' या शब्दांचा अर्थ काही सभासदांनी 'व्होल्टेज कमी येणे' असा घेतला आहे.

उत्तर १

'लघुदाब' हा शब्द बदलू नये. महावितरणच्या कागदपत्रांत 'लघुदाब ग्राहक' आणि 'उच्चदाब ग्राहक' हे शब्द रुळलेले आहेत. तांत्रिक व्याख्येनुसार १००० व्होल्टपर्यंतचा प्रत्यावर्ती दाब (एसी व्होल्टेज) लघुदाबात मोडतो, म्हणजे घरातले २३० व्होल्टही त्यातच येतात. तपशिलात एकदा ही व्याख्या दिली की पुरे.

'तडितरक्षक' मात्र येथे चालणार नाही. मराठीत आकाशातून पडते तीही वीज आणि तारेतून येते तीही वीज, त्यामुळे घोटाळा लवकर होतो. तडितरक्षक म्हणजे गच्चीवरचा दांडा आणि तेथून जमिनीत उतरणारी पट्टी. ती इमारतीचे रक्षण करते, टीव्हीचे किंवा लिफ्टच्या कंट्रोलरचे नाही. उलट असा दांडा असलेल्या इमारतीत मुख्य पॅनेलमध्ये प्रकार १ चा एसपीडी लागतो, कारण पडलेल्या विजेच्या प्रवाहाचा काही भाग अर्थिंगमार्गे वायरिंगमध्ये शिरतो. त्याची चाचणी १०/३५० मायक्रोसेकंदांच्या प्रवाहाने होते (पहिला आकडा प्रवाह शिखराला चढण्याचा काळ, दुसरा तो निम्म्यावर उतरण्याचा). प्रकार २ ची चाचणी ८/२० मायक्रोसेकंदांच्या प्रवाहाने होते, आणि दोन्हींचे शिखरमूल्य सारखे असले तरी पहिल्यात वाहणारा विद्युतभार (चार्ज) वीस पटींहून अधिक असतो. म्हणून केवळ 'किलोअँपिअर' पाहून दोन उपकरणांची तुलना करणे चुकीचे आहे.

'अतिदाबरोधक' या शब्दाला माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. न्यूट्रल तुटल्यावर एखाद्या घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येतो आणि मिनिटेच्या मिनिटे टिकतो. त्यालाही आपण अतिदाबच म्हणतो. एसपीडी त्यासाठी नसतो. २७५ व्होल्टच्या सततच्या दाबासाठी बनवलेला व्हॅरिस्टर (एसपीडीतला उसळी वळवणारा घटक) अशा वेळी तापून निकामी होतो. सर्ज ही काही मायक्रोसेकंदांची घटना आहे, म्हणून तिला 'दाबाची उसळी' म्हणावे. शिवाय हे उपकरण उसळीला रोधत नाही, तर तिला अर्थिंगकडे वाट काढून देते. त्यामुळे 'रोधक' नको, 'उसळीरक्षक' म्हणावे. न्यूट्रल तुटण्याची भीती असेल तर वेगळा ओव्हरव्होल्टेज रिले (दाब वाढून टिकल्यास पुरवठा तोडणारे उपकरण) लागेल आणि त्याचे नाव तपशिलात वेगळ्या ओळीत यावे.

उत्तर २

'उसळीरक्षक' पटले. 'प्रोटेक्शन लेव्हल' (उसळीच्या वेळी रक्षकाच्या टोकांवर उरणारा दाब) याचे 'संरक्षण पातळी' असे केलेले भाषांतर मात्र खटकते, कारण पातळी जितकी उंच तितके संरक्षण जास्त, असे वाचणारा समजतो. येथे अर्थ उलटा आहे. २३०/४०० व्होल्टच्या जोडणीत नेहमीच्या घरगुती उपकरणांची उसळी सोसण्याची क्षमता २.५ किलोव्होल्ट धरतात, आणि उपकरणांपर्यंत पोहोचणारा दाब त्याहून कमी राहिला पाहिजे. १.५ किलोव्होल्टचा रक्षक २.५ च्या रक्षकापेक्षा सरस असतो. यासाठी 'शिल्लक दाब' कसा वाटेल?

उत्तर १

अर्थ नेमका कळतो, परंतु शिल्लक दाब प्रत्येक प्रवाहाला वेगळा असतो, आणि उत्पादक जाहीर करतो ती त्याची कमाल मर्यादा असते. म्हणून 'शिल्लक दाबाची कमाल मर्यादा' असे पूर्ण लिहावे. शब्द लांब होतो, पण निविदेत लांबी परवडते, संदिग्धता नाही. ही मर्यादा उपकरणाच्या टोकांपाशी मोजलेली असते, हेही लिहायला हवे. वेगाने चढणाऱ्या उसळीत जोडतारेच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे एक किलोव्होल्टची भर पडू शकते. त्यामुळे पॅनेलमध्ये सुबक दिसावे म्हणून वायरमनने तार फिरवून नेली, तर महागड्या रक्षकाचा उपयोग उरत नाही.

तपशिलात पुढील वाक्य घालावे: 'मुख्य पॅनेलमध्ये फेज व न्यूट्रलसाठी उसळीरक्षक बसवावा, इमारतीवर तडितरक्षक असल्यास हा उसळीरक्षक प्रकार १ चा, दर फेजमागे किमान १२.५ किलोअँपिअर (१०/३५०) क्षमतेचा असावा. त्याच्या शिल्लक दाबाची कमाल मर्यादा २.५ किलोव्होल्टपेक्षा कमी असावी; आणि फेजपासून रक्षकापर्यंत व रक्षकापासून अर्थिंगच्या पट्टीपर्यंतच्या तारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरपेक्षा जास्त नसावी.'