संगणकाने युद्ध का पुकारले? : सातारा-सांगलीकरांचा अनुभव धागा

पाळीपाळीने खेळायच्या डावपेचांच्या खेळात संगणकाचा राजा शतकानुशतके मैत्री राखतो आणि अचानक एका पाळीत सीमेवर फौज आणून उभी करतो, हा प्रसंग आमच्या मित्रमंडळीत इतक्यांदा सांगून झाला आहे की आता तो लिहूनच ठेवावा असे वाटले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील खेळाडूंनी आपापला अनुभव लिहावा. मात्र ‘त्याने दगा दिला’ एवढ्यावर न थांबता, त्याआधीच्या दहा-पंधरा पाळ्यांत काय घडले होते तेही आठवून सांगावे. सुरुवात मीच करतो.

सातारा, शाहूपुरी

२००५ साली आलेला ‘सिव्हिलायझेशन ४’, म्हणजे ‘सिव्हिलायझेशन’ या खेळमालिकेचा चौथा भाग, मी आजही खेळतो, कारण त्यात प्रत्येक राजाचे आपल्याविषयीचे मत अधिक-उणे आकड्यांत समोर मांडलेले असते. एका डावात रशियाची कॅथरीन माझ्यावर प्रसन्न होती. धर्म एक, व्यापार सुरळीत, उणे खात्यात जवळजवळ काही नाही. तिने माझ्या शेजाऱ्यावर चाल करावी म्हणून मी विचारायला गेलो, तर तो पर्याय लाल अक्षरांत, म्हणजे बंद होता आणि त्यावर माउस नेल्यावर ‘सध्या आमचे हात गुंतलेले आहेत’ अशा अर्थाचे उत्तर आले. तिचे तर कोणाशीच युद्ध चालू नव्हते! मी ते वाचले आणि पुढे गेलो. काही पाळ्यांनी तिची फौज माझ्याच वेशीवर आली, तेव्हा ते हात कशात गुंतले होते हे कळले. या खेळात गांधी प्रसन्न असताना युद्धाची तयारी करत नाहीत, कॅथरीन करते. प्रत्येक राजाचा स्वभाव असा वेगळा बेतलेला आहे. तेव्हापासून युद्ध नको असले तरी दर थोड्या पाळ्यांनी मी सगळ्या शेजाऱ्यांना हाच प्रश्न विचारत फिरतो.

तासगाव

‘सिव्हिलायझेशन ६’ मधल्या चंद्रगुप्ताबद्दल लिहितो. खेळाला २०१८ मध्ये जोडलेल्या विस्तारात आलेल्या या राजाला जवळचा शेजारी मुळातच खपत नाही आणि दूरचा आवडतो. मी त्याला भेटी दिल्या, व्यापारी पाठवले, तरी त्याचा चेहरा काही सुधारला नाही. शेवटी त्याने माझा जाहीर निषेध केला. निषेधानंतर रीतसर युद्ध पुकारायला पाच पाळ्या जाव्या लागतात, तेवढ्यात मी तटबंदी उभी केली म्हणून वाचलो. लगतचा राजा तो शत्रू आणि त्याच्या पलीकडचा तो मित्र, हे कौटिल्याच्या मंडल सिद्धांताचे सूत्र खेळ करणाऱ्यांनी तंतोतंत उचलले आहे. द्राक्षबागेच्या बांधावरून दोन पिढ्या कोर्टात जाताना पाहिलेल्या आमच्यासारख्यांना त्यासाठी कौटिल्य वाचावा लागत नाही, हा भाग वेगळा.

सांगली, विश्रामबाग

गांधींच्या अणुबॉम्बची कथा इथे कोणीतरी सांगणारच, म्हणून आधीच लिहितो. १९९१ च्या पहिल्या ‘सिव्हिलायझेशन’ मध्ये गांधींची आक्रमकता १ होती, लोकशाही स्वीकारताच त्यातून २ वजा झाले आणि आकडा उणे होण्याऐवजी उलटून सर्वांत मोठा, म्हणजे २५५ झाला आणि गांधी अणुबॉम्ब टाकत सुटले, असे मीही कित्येकांना छातीठोकपणे सांगितले होते. खेळाचे जनक सिड मायर यांनी २०२० च्या आपल्या आत्मकथनात अशी चूक मूळ खेळात नव्हतीच, असे स्पष्ट केले आहे. २०१० च्या पाचव्या भागात मात्र गांधींचा अण्वस्त्रांकडचा कल करणाऱ्यांनी गमतीने मुद्दामच चढा ठेवला होता. त्या भागात त्यांनी माझी राजधानी खरोखर बेचिराख केली, ती तक्रार कायम आहे.

कऱ्हाड

वसतिगृहातल्या जुन्या संगणकावर ‘सिव्हिलायझेशन’च्या धर्तीचा ‘फ्रीसिव्ह’ एवढाच खेळ चालत असे, आणि तो मुक्त असल्यामुळे हरल्यावर त्याची आज्ञावली उघडून वाचता येत असे. मी अंतराळयान बांधायला घेतले आणि आतापर्यंत शांत असलेला राजा युद्धावर आला. अवकाशावर एकट्याने सत्ता गाजवण्याचा तुमचा प्रयत्न संतापजनक आहे, असा त्याचा खलिता होता. आज्ञावलीत पाहिले तेव्हा लक्षात आले की आधी युद्धाचे कारण ठरते, मग उलटी मोजणी सुरू होते आणि त्या काळात त्याच्या सोबत्यांना निरोप जातात. म्हणजे मला जो अचानक घाला वाटला, त्याची वार्ता त्याच्या सोबत्यांना आधीच पोहोचलेली होती.

मिरज

वरचे सारे मान्य करूनही माझे मत वेगळे आहे: संगणक युद्ध पुकारतो चांगले, लढतो वाईट. ‘सिव्हिलायझेशन’च्या सहाव्या भागाच्या सर्वांत कठीण पातळीवर त्याला सुरुवातीलाच तीन वसाहती करता येतात आणि लढाईत ४ गुण जादा मिळतात, तरी नकाशावरच्या एका षट्कोनी घरात एकच लढाऊ तुकडी या नियमापुढे त्याचा गोंधळ होतो. माझ्या तटाखाली त्याने दगडफेकीची यंत्रे पुढे आणि भालेकरी मागे लावले होते. तीन तिरंदाजांनी ती यंत्रे एकेक करून संपवली. पुढे मी त्याची दोन शहरे घेतली. युद्ध त्याने पुकारलेले, पण पुढच्याच पाळीपासून युद्धखोर म्हणून निषेधाचे खलिते आले ते मला, आणि त्यांतला पहिला त्याचाच होता.