मदत हवी आहे: क़ाफ़ नीट येत नाही

अस्सलामु अलैकुम, नमस्कार.

मी सोलापुरात विजापूर वेशीजवळ राहते. लहानपणी कुराण वाचून झालं, पण उच्चार कुणी तपासले नाहीत. आता ४२व्या वर्षी तजवीद (कुराण अचूक उच्चारांत वाचण्याची पद्धत) शिकायला घेतली आहे आणि अडकले आहे ती क़ाफ़ या अरबी अक्षरावर. घरात आम्ही दखनी बोलतो, त्यात क़ाफ़चा 'ख़' होतो. शाळा मराठी, तिथे सरळ 'क'. 'क़ल्ब' म्हणजे हृदय आणि 'कल्ब' म्हणजे कुत्रा, हे समजल्यापासून तर वाचताना भीतीच वाटते.

सगळ्यात जास्त अडते सूरह फ़लक़मध्ये, म्हणजे कुराणातल्या त्या नावाच्या अध्यायात. तिच्या पाचही आयती (वचनं) क़ाफ़, बा किंवा दाल या अक्षरांवर संपतात, म्हणजे थांबताना प्रत्येक वेळी क़लक़ला, अक्षर किंचित उसळायला हवं. बा आणि दाल जमतात. क़ाफ़ मात्र एकतर कोरडा 'क' होतो, नाहीतर शेवटी जादाचा 'अ' लागतो. जिभेचं मूळ मागे पडजिभेकडे टेकवायचं, एवढं माहीत आहे. पण ते जमतंय की नाही हे स्वतःला कसं ओळखायचं?

दुसरं, फ़ातिहामधल्या (कुराणाच्या पहिल्या सूरहमधल्या) 'अल्हम्दु' आणि 'इह्दिना' यांतले दोन्ही 'ह' वेगळे आहेत. देवनागरीत ते सारखेच दिसतात, म्हणून देवनागरी प्रत बंद केली. पहिला 'ह' घशाच्या मधून काढायला कोणता सराव करता?

समोर बसवून चुका दुरुस्त करणारी, बायकांना शिकवणारी एखादी आलिमा (धर्मशिक्षण घेतलेली बाई) सोलापुरात माहीत असेल तर नक्की सांगा. दुपारी २ नंतर मला वेळ असतो. रमज़ानच्या आधी निदान फ़ातिहा तरी बिनचूक व्हावी, एवढीच इच्छा आहे.