जपानी संस्थेचा निधी दुसऱ्या संस्थेमार्फत घ्यावा का?

प्रश्न : आमची नोंदणी दोन वर्षांपूर्वीची, एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी) नाही. एफसीआरए असलेल्या पुण्याच्या संस्थेने पैसे घेऊन आम्हाला वळते केले तर चालेल?

उत्तर १ : नाही. सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीने तो रस्ता बंद झाला. घेणाऱ्याकडे एफसीआरए असली तरीही. तुमच्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी, तिचा अर्ज एफसी-३बी. ती एकाच देणगीदारापुरती, ठरलेल्या रकमेपुरती आणि कामापुरती मिळते. देणगीदाराचं वचनपत्र आणि प्रकल्प अहवाल यांतली रक्कम तंतोतंत जुळवा. अर्ज बहुतेकदा इथेच अडकतो. एफसीआरए नोंदणीला तीन वर्षांचं काम आणि त्या काळात मूळ कामावर किमान १५ लाख खर्च लागतो.

उत्तर २ : पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच. गावातल्या खात्यात थेट आले की उल्लंघन! प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. एफसी-४ हे परदेशी निधीचं वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत, त्या वर्षी पैसा आला नसला तरी.

उत्तर ३ : दुबईतल्या भारतीय पासपोर्टवाल्या मंडळींनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी निधीत मोडत नाही. पासपोर्टची प्रत मात्र फाइलला लावा. ओसीआय कार्डवाल्यांची (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या मंडळींची) देणगी परदेशीच धरतात.