तौबाची नमाज नेमकी कशी पढायची?

प्रश्न (परभणी): तौबासाठी, म्हणजे गुनाहाचा पस्तावा करून माफी मागायला, दोन रकात (नमाजचे दोन फेरे) पढतात म्हणे. पद्धत काय? अस्रनंतर (दुपार उतरल्यावरच्या नमाजनंतर) चालते का? शेजाऱ्याचा बांध कोरला असेल तर तेवढ्यानं माफी होते का?

उत्तर १: नीट वजू करा, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुऊन घ्या. नियत (इरादा) मनात पुरते. दोन रकात नफिल (ऐच्छिक नमाज), नेहमीसारखीच. प्रत्येक रकातीत फातिहानंतर (कुराणातल्या पहिल्या सूरतीनंतर) कुराणातली कोणतीही सूरत (अध्याय). ठरावीक सूरत नाही. सलाम फेरल्यावर, म्हणजे नमाज संपल्यावर, इस्तिगफार (अल्लाहकडे माफीची याचना) करा, गुनाहाचा पस्तावा करत दुआ मागा. दुआ मराठीत किंवा दखनीत मागितली तरी चालते, पण सलामनंतरच. हनफी मतानुसार (सुन्नींच्या चार फिकही पंथांपैकी एक) नमाजच्या आत अरबीच. आधार पैगंबरांचे साथी हजरत अबू बक्र यांनी सांगितलेली हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, तिरमिजी या हदीससंग्रहात मिळेल.

उत्तर २: वेळ सांभाळा भाऊ. हनफी मतानुसार अस्रनंतर मगरिबपर्यंत (सूर्यास्तानंतरच्या नमाजपर्यंत) नफिल नाही. पहाट फुटल्यापासून सूर्य वर येईपर्यंतही नाही, उगवल्यावर वीसेक मिनिटं थांबा. ऐन माध्यान्हीलाही नाही. तहज्जुदची (रात्री उठून पढायच्या नमाजची) वेळ सगळ्यात उत्तम. पण तोंडी तौबा कधीही करता येते, ती वेळेसाठी अडवून ठेवू नका!

उत्तर ३: बांधाचं कुणी बोललंच नाही, आणि खरी अडचण तिथंच आहे. गुनाह थांबवणं, पस्तावा, पुन्हा न करण्याचा पक्का इरादा, या तीन अटी अल्लाहच्या हक्कासाठी. माणसाचा हक्क मारला असेल तर चौथी: तो परत करणं किंवा त्याच्याकडून माफ करून घेणं. म्हणजे मोजणी करून जमीन सोडा. मालक वारला असेल तर वारसांना द्या. नुसत्या रकाती पढून तो हक्क फिटत नाही.